उशाचा भात

वरपक्ष ठरल्या मुहूर्ताच्या तासभर आधीच गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला आणि थोआचं डोकंच फिरलं.

"काय माणसं आहेत का कोण आहेत!" जिन्याखाली उभी राहून ती वर ओरडली. "मुहूर्त यांनीच काढून आणला आणि आता हेच आधी टपकले! लुआ, पोरीचे केस झाले का गं?"

"अर्धेच झालेत, वन्सं," वरून भावजयीचा आवाज आला.

"मग झालेली बाजू पुढे करून बसव तिला!"

वरच्या पोरी खिदळल्या. त्या हसण्याने थोआच दचकली. दीड वर्षात या घरात कुणी मोठ्याने हसलं नव्हतं, आणि आज आपणच हसवलं म्हणून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उगीचच सुपारीच्या घडावरचं लाल कापड सारखं करू लागली.

हे लग्न इथे व्हायचंच नव्हतं. "माझ्या क्वेनचं लग्न नदीकाठच्या माझ्या हॉटेलात होणार, सगळं हायफाँग बंदर जेवायला बोलावणार," असं थोआचा भाऊ तोआन, पोर पाळण्यात होती तेव्हापासून सांगायचा. त्या हॉटेलला आता कोर्टाचं सील होतं. तीन मजली घरालाही होतं. उरलं होतं ते गोदीमागच्या गल्लीतलं थोआचं हे बोळकांडं, जिथे ती रोज सकाळी विकायच्या गोगलगायी उकडायची आणि जिथे तोआन लहानाचा मोठा झाला होता. सील करायला आलेल्या अधिकाऱ्याने दारातूनच आत पाहिलं होतं आणि "हे राहू दे" म्हणाला होता. तेही थोआला लागलं होतं.

आणि घाई कशाची, हे गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तोआनला फाशीकोठडीत ठेवलं होतं, नाव फाशीचं, पण नेऊन गोळ्या घालायचे. अपील फेटाळलं, दयेचा अर्ज परत आला. आता कुठल्याही पहाटे नेतील, आणि नेल्यावरच घरी कळवतील. एकदा बाप गेला की मुलीने तीन वर्षं सुतक धरायचं, तीन वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही. "बाप आहे तोवर उरकून घेऊ," हे मुलाच्या बापानेच, होआकनेच, सुचवलं होतं. बोलताना त्याने नजर चहाच्या कपातून वर काढली नव्हती. तीन वर्षं थांबू, असं मात्र त्यांच्या घरात कुणीच म्हणालं नव्हतं. थांबणार नव्हतेच ते. आणि तोआनच्या मुलीला दुसरं कोण मागायला येणार होतं?

महिनाभर थोआ रोज डोळे उघडायच्या आधी मनात म्हणायची, आज नको. आज नको, लग्न होऊ दे. लग्नानंतरचं ती काही म्हणायची नाही. त्या न म्हणण्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

"बिन्ह कुठाय?" तिने विचारलं. "बापाच्या जागी काका उभा राहायचा, आणि काकाचाच पत्ता नाही!"

तेवढ्यात मागच्या बोळात स्कूटर थांबली. धाकटा भाऊ बिन्ह मोरीच्या दारातून आत आला. शाळामास्तरच तो, अंगात एकुलता एक सूट, डोक्यावर टोपी.

"ताई, मागे ये जरा."

"अरे, माणसं दारात ताटकळलीत..."

"मागे ये म्हणतो ना!"

मोरीत गोगलगायींचं घमेलं होतं. त्याच्या अलीकडे दोघं उभी राहिली. बिन्हने टोपी काढली, आणि थोआला पुढचं कळलंच.

"पहाटे नेलं," तो म्हणाला. "झालं सगळं. माझा एक विद्यार्थी तुरुंगात नोकरीला आहे, तो घरी येऊन सांगून गेला. कागद नंतर येईल. पण संध्याकाळी पाचला वॉर्डाच्या कर्ण्यावर सांगणार आहेत."

खांबावरचा तो कर्णा थोआच्या घरासमोरच होता. शिक्षाही त्यानेच वाचून दाखवली होती. कुत्र्यांना सुया टोचून घ्या आणि कचरा वेळेवर टाका, या दोन सूचनांच्या मध्ये.

"काही खाल्लं होतं का त्याने?" थोआने विचारलं.

"काय?"

"जाताना. खायला देतात म्हणे."

"दिलं होतं," बिन्ह टोपीकडे बघत म्हणाला. "हात लावला नाही म्हणे."

थोआने घमेल्याची कड धरली. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. बाहेर कुणीतरी दारावर हलकेच टकटक केली.

"आता थांबवावं लागणार, ताई."

"काय थांबवायचं?"

"लग्न! दुसरं काय?"

"का म्हणून? मरण जाहीर केलं नाही तोवर लग्न लागतं. आपल्यात लागत आलंय. आपल्या थोरल्या मामीचं नाही लागलं? सासरा आतल्या खोलीत मरून पडलेला, आणि बाहेर वरात."

"ते दोन्ही घरांना माहीत होतं तेव्हा! व्याह्यांच्या कानावर घालून, त्यांच्या संमतीने. ही फसवणूक आहे."

"मग? आजवर काय केलं आपण?"

"आपण नाही." बिन्हचा आवाज चढला, मग त्याने तो मुद्दाम खाली आणला. "मी त्याच्या पैशाचा चहासुद्धा घेतला नाही. माझ्या वर्गातली पोरं मला 'दादाचा भाऊ' म्हणायची, मागून. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहायचो."

"हो रे बाबा, तू स्वच्छ," थोआ म्हणाली. "फक्त तुझं शिक्षण कुणाच्या साखरेवर झालं तेवढं विचारू नकोस."

बिन्हला ठाऊक होतं. आई बॉम्बहल्ल्यात गेली तेव्हा तोआन पंधरा वर्षांचा होता आणि गोदीत पोती वाहायचा. एक दिवस तो विजारीत लपवून साखर घेऊन आला. कुठून आणलीस, असं थोआने विचारलं नाही. तिने विचारलं, "उद्या पण मिळेल का?" पोराचा चेहरा असा उजळला, की विचारू नका. तिथून सुरुवात. मग त्या साखरेची पोती झाली, मग त्याच्या इशाऱ्यावर पोती पाडणारे हमाल झाले, मग गोदीतून बाहेर पडणारा एकही ट्रक तोआनदादाला हप्ता दिल्याशिवाय हलेना. हॉटेल आलं, त्यात पत्त्यांच्या खोल्या आल्या. मोठमोठे अधिकारी त्याला धाकटा भाऊ म्हणायचे, त्याच्या दिवाणखान्यात पाय पसरून प्यायचे. मग खोआत नावाचा एक ट्रकवाला देत नाही म्हणाला. त्याला गोदीच्या फाटकाशी इतकं मारलं, की बायकोने त्याला सदऱ्यावरून ओळखलं. बोभाटा झाला, वरून माणसं आली, आणि खटल्यात त्या सगळ्या थोरल्या भावांपैकी एकालाही तोआन कोण ते आठवेना.

"क्वेनला निदान सांगू," बिन्ह म्हणाला. "तिचा बाप आहे."

"सांग. जा वर, सांग तिला. मग ती ते लाल कपडे उतरवेल, आणि जन्मभर माझ्यासारखी या मोरीत गोगलगायी धूत बसेल. सांगतोस?"

बिन्हने तोंडावर पाणी मारलं. बराच वेळ त्याने चेहरा ओंजळीतून काढलाच नाही. मग टोपी खुंटीला अडकवली, सूट खाली ओढला आणि दार उघडायला गेला. जाताना म्हणाला, "माझ्याकडे बघू नकोस तेवढं. तू बघितलंस तर मला जमणार नाही."

लाल कापडाने झाकलेली तबकं आत आली. पोरांनी ती पोरींच्या हातात दिली, आणि त्या इवल्याशा खोलीत सगळे एकमेकांच्या गुडघ्यांना गुडघे लावून बसले. होआक जहाजं बंदरात आणायचा, नुकताच निवृत्त झाला होता. उंच, वाळकुडा माणूस. बोलायला उठला तेव्हा त्याचं डोकं छताच्या दिव्याला लागलं.

"लवकर आलो, माफ करा," तो म्हणाला. "रस्त्यात गर्दी लागेल असं वाटलं, लागली नाही. तर... आमच्या लामसाठी तुमची क्वेन मागायला आलोय. लोक काय वाटेल ते बोलतात. मी म्हटलं, मी मुलगी नेतोय. बाकी कुणाला नेत नाहीये."

बिन्ह उठला. "आमची पोर भोळी आहे," इतकं तो ठीक म्हणाला. पुढचं "सांभाळून घ्या" म्हणताना त्याचा आवाज फाटला. मास्तर हळवे झाले, म्हणून सगळे कौतुकाने हसले.

क्वेन खाली आली. लाल झगा, केस दोन्ही बाजूंनी नीट. जिन्यावरून उतरताना तिने आधी आत्याकडे पाहिलं, कशी दिसते, असं डोळ्यांनीच विचारलं. थोआने हसून मान डोलावली. आपल्याला इतकं सहज हसता येतं हे बघून तिला स्वतःची शिसारी आली.

बिन्हने देव्हाऱ्यापुढे उदबत्त्या लावल्या. देव्हाऱ्यात आईवडिलांचे फोटो होते. नातीचं लग्न त्यांना सांगायचं होतं. "तोआनची मुलगी क्वेन," एवढं म्हणून तो थांबला. खोलीतली सगळी माणसं आपापल्या पायांकडे बघायला लागली. क्वेन वाकली, लाम वाकला. थोआ त्या दोन फोटोंकडे बघत होती. तिच्या मनात आलं, आता तोही तिथेच कुठेतरी अंग चोरून उभा असणार. लेक पाया पडतेय, आणि त्याला कुणी या म्हटलेलं नाही, बस म्हटलेलं नाही.

चहा फिरू लागला तशी ती स्वयंपाकघरात आली. किटली भरायला आले, असं तिला खरंच वाटत होतं. पण तिने वाडगा घेतला. पातेल्यातला पांढरा भात त्यात भरला, चमच्याने दाबला, वर आणखी भरला, शीग येईपर्यंत. सकाळची उकडलेली अंडी होती, त्यातलं एक सोललं आणि भाताच्या डोक्यात बसवलं. जेवायच्या दोन काड्या घेतल्या आणि अंड्याच्या दोन बाजूंना सरळ उभ्या रोवल्या. आईसाठी तिने असाच वाडगा भरला होता, नवऱ्याचा युद्धावरून नुसता कागद आला तेव्हाही भरला होता. माणूस गेला की आधी त्याच्या उशाशी भात ठेवायचा, हे हातांना कुणी सांगावं लागत नाही. काड्या रोवून झाल्यावरच आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं.

"अगोबाई, इथे आहात होय!"

दारात लिऊबाई उभ्या होत्या, होआकची थोरली बहीण. या सोयरिकीला शेवटपर्यंत नको म्हणणाऱ्या एकट्या त्याच. "बाहेर चहा संपलाय, म्हटलं बघावं..." आणि मग त्यांचे डोळे वाडग्यावर गेले, ते तिथेच राहिले.

"हे कुणाचं?"

थोआने काड्या उपसल्या. "माझंच," ती म्हणाली. "पहाटेपासून पोटात काही नाही, चक्कर यायला लागली."

"आणि अंडं असं वरती?"

"घाईत कसंही वाढून घेतलं हो. कोण बघतंय!"

लिऊबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पायाने स्टूल ओढलं आणि बसल्या. "मग खा. खा की! चक्कर आलेल्या बाईला एकटं सोडू नये."

थोआने वाडगा तोंडाशी नेला. मेलेल्याच्या भाताला जिवंत माणूस शिवतसुद्धा नाही. पहिला घास तिच्या टाळूला चिकटला.

"नुसताच? हे घ्या," म्हणून लिऊबाईंनी मासळीच्या खारट रसाची बाटली घेतली आणि त्यावर सढळ हाताने ओतली. "खरं सांगू का? मी होआकला म्हटलं होतं, या घरची नको. राग नका मानू."

"राग कसला," थोआ घास गिळत म्हणाली. "बरोबरच होतं तुमचं."

"पोर गोड आहे, ते बघतेय मी. पण बाप तो बाप. आमच्या कुळात कुणी पोलिसचौकीची पायरी चढलेलं नाही. आता हा उद्या-परवा जाईल, मग सगळीकडे पुन्हा नाव निघेल. तुम्हाला तरी किती लाज वाटत असेल! सख्खा भाऊ, नाही का?"

"हो. सख्खा."

"अंडं ठेवलंत की!"

थोआने अंडं उचललं आणि दोन घासांत खाल्लं. जन्मभर त्याच्याकडून घेतलं, आणि आता मेल्यावर त्याचं पहिलं ताटही आपणच ओरबाडतोय, असं तिला वाटत होतं. तरी एक शीत ठेवलं नाही. वाडगा रिकामा झाला तेव्हा लिऊबाईंचा चेहरा सैलावला. "आता रंग आला बघा तोंडावर," म्हणत त्यांनीच किटली भरली.

निघताना क्वेन आईच्या गळ्यात पडली. वरातीबरोबर आईने जायचं नसतं. लुआ उंबऱ्याच्या आतच राहिली, बिन्ह आणि थोआ निघाले. गल्लीच्या तोंडाशी खोआतच्या बायकोची खेकड्याच्या शेवयांची गाडी होती. वरात येताना पाहून तिने आपली स्टुलं एकावर एक रचली आणि भिंतीला लावली, नवरीला जायला वाट व्हावी म्हणून. मान वर केली नाही. थोआ तिच्या अगदी अंगावरून गेली. काहीतरी बोलायला हवं होतं, गेली दोन वर्षं हवं होतं. आजही बोलली नाही.

गाडीत क्वेनने तिचा हात धरला. "आत्या, बाबांना कुणी सांगितलं असेल का गं? आज माझं लग्न आहे ते?"

पुढच्या सीटवर बिन्हने मान खिडकीकडे वळवली.

"कळलंय त्याला," थोआ म्हणाली.

"खरंच?"

"खरंच. सगळ्यात आधी त्याला कळलं."

क्वेनने डोकं तिच्या खांद्यावर टेकलं. "मग बरं झालं. त्यांना पोटभर जेवण जाईल आज."

होआकच्या घरी पंगती उठल्या, फोटो झाले, नवी सून देव्हाऱ्यापुढे वाकली. थोआला वाटलं, सुटलो. तेवढ्यात होआक तिच्याजवळ आला आणि अंगणातल्या नळाशी हात धुऊ लागला.

"ताई," तो खाली बघत म्हणाला, "आता तुम्ही घरी जा. पाचच्या आत पोचा. वहिनी एकट्या आहेत."

"तुम्हाला..."

"बंदरात माझी माणसं आहेत अजून. पहाटेच कळलं. म्हणून तर मुहूर्ताआधी आलो. उशीर केला असता तर कुणीतरी बोलून गेलं असतं. लिऊताईला माहीत नाही."

"मग लग्न थांबवलंत का नाही?"

"पोरीने काय केलंय?" त्याने नळ बंद केला. "तीन वर्षं थांबायचा धीर माझ्या घरात नाही, ताई. मला माझी माणसं माहीत आहेत. मलाही माझीच लाज वाटते, म्हणून सांगतो. जा तुम्ही. आणि सूनबाईला उद्या मी सांगेन. तुम्ही नका."

सकाळी जिन्याखालून त्याला शिव्या घातलेल्या तिला आठवल्या. त्याचे पाय धरावेत असं वाटलं, आणि त्याच क्षणी, याला सगळं ठाऊक होतं, आपलं हसणं-बोलणं हा सकाळभर बघत होता, म्हणून धरणी पोटात घेईल तर बरं असंही वाटलं. ती नुसतीच मान खाली घालून निघाली.

लुआ दारावरचा लग्नाचा लाल कागद खरवडून काढत होती. "लवकर आलात, वन्सं?"

"आत चल. दार लाव."

लुआने तिच्या तोंडाकडे पाहिलं. दार लावलं. "कधी?"

"पहाटे."

"म्हणजे मी पोरीचे केस विंचरत होते..."

"त्याच्याही आधी."

लुआ रडली नाही. तिने अंगातल्या लाल झग्याची बटणं एकेक करून सोडली, झग्याची घडी घातली, आणि पांढरा सदरा अंगात घातला. तो तिने आधीच काढून उशीखाली ठेवलेला होता. मग म्हणाली, "त्यांना भात ठेवला का कुणी?"

"ठेवते," थोआ म्हणाली. "आता ठेवते."

घरात लग्नाचा लाल भात उरला होता, तो चालणार नव्हता. तिने नव्याने तांदूळ धुतले, चूल पेटवली. अंडं एकच शिल्लक होतं. भात शिजत असताना खांबावरचा कर्णा खरखरला. आधी कुत्र्यांच्या सुयांचं सांगितलं, मग गटारांचं. मग तोआनचं पूर्ण नाव घेतलं, जन्मसालासकट. गल्लीतल्या एकेका घरातला रेडिओ, भांडी, बोलणी बंद होत गेली. उठून खिडकी लावावी असं दोघींनाही सुचलं नाही.

वाडगा भरून थोआने तो आईच्या फोटोपुढे ठेवला. लुआ शेजारी येऊन बसली आणि पदरासारखी सदऱ्याची बाही डोळ्यांना लावली.

"सकाळपासून उपाशी असतील हो ते, वन्सं."

"हो," थोआ म्हणाली, आणि तिने काड्या भातात सरळ उभ्या केल्या. सकाळचा भात अजून तिच्या पोटात तसाच होता.